साहेबांसाठी तीन रॉकेटं

अनंतरावांना रायपूर सोडायचं होतं. नवं राज्य झालं आणि भोपाळच्या कचेरीतून त्यांची रवानगी इथल्या नव्या कचेरीत झाली, त्याला वर्ष होत आलं. कोण इथं राहणार आणि कोण भोपाळला परतणार, याची यादी आता साहेबांच्या टेबलावर होती. भोपाळची हवा, भोपाळचं तळं, ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण एकच, मेव्हणा. बायको शारदाबाईंचं माहेर रायपूरच्याच पुरानी बस्तीत. त्यांचा धाकटा भाऊ निरंजन शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यात प्रयोगशाळेत होता, आणि तिथून सुटला की थेट बहिणीच्या क्वार्टरवर येऊन चहाच्या बदल्यात विज्ञान पाजायचा. हे कारण अनंतरावांनी बायकोला अर्थातच सांगितलं नव्हतं.

साहेब दिवाळीला पाच मिनिटं येतो म्हणाले, तेव्हा मात्र त्यांना हाच मेव्हणा आठवला. गरज पडली की माणूस असा निर्लज्ज होतो. निरंजननं हौसेनं घरीच तीन रॉकेटं बनवून, वेगवेगळ्या रंगांचे धागे बांधून आणली.

"वर गेल्यावर किती वेळानं फुटायचं, ते आतल्या मसाल्यावर हाये, भाऊजी. एका धातूची भुकटी टाकली का तो भरभर जळते, दुसऱ्याची टाकली का रेंगाळते. हे लाल धाग्यावालं बरोबर हाये. बाकीचे दोन फक्त मले पाहासाठी."

अनंतरावांनी मान हलवली, आणि तो गेल्यावर धागे सोडून टाकले. बावीस वर्षं फायली नीटनेटक्या ठेवलेला माणूस तो. असल्या अवतारातली वस्तू साहेबांपुढे ठेवायची कशी? त्यांनी तिन्हींना सारखा सोनेरी कागद चिकटवला आणि सुंदर अक्षरात एक, दोन, तीन असे क्रमांक घातले.

संध्याकाळी साहेब आले. रॉकेटं बघून निरंजनचा चेहरा पडला. भाऊजी त्याच्या कानात म्हणाले, क्रमांकानं लाव. पहिलं कपड्यांच्या तारेशीच फुटलं आणि साहेब खुर्चीसकट मागे सरकले. दुसरं झकास वर गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. ते वर थांबलं, वळलं आणि न फुटताच साहेबांच्या गाडीच्या दारापाशी येऊन पडलं. ड्रायव्हर पानठेल्याकडे पळाला.

"अब ये फूटेगा?" साहेबांनी विचारलं.

"फूटेगा तो ज़रूर, सर," निरंजन म्हणाला. "कब, ये नहीं बता सकते."

सगळे आत आले, दार लागलं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. निरंजन साहेबांना भुकट्यांचे गुणधर्म समजावत होता, अनंतराव दाराला कान लावून घाम पुसत होते, आणि साहेबांचा चेहरा आंबट होत चालला होता. भोपाळ हातचं चाललं होतं.

शेवटी शारदाबाईंनी पानच वाढलं. साहेबांचं बिऱ्हाड भोपाळला, इथं वर्षभर डब्यावर दिवस काढलेले. पाटवडी-रश्श्याच्या पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटानं की आणखी कशानं, कोण जाणे. त्यांनी तीनदा रस्सा घेतला. मग अनारसे घेतले. तासाभरानं तर त्यांनी आपणहून निरंजनला एक शंका विचारली. अनंतरावांचा जीव भांड्यात पडला.

साहेबांचे हात धुऊन झाले तशा शारदाबाई म्हणाल्या, आता काही होत नाही, गाडीत बसा. ड्रायव्हर परत आला, साहेब बसले. त्यांनी काच खाली केली.

"अनंतराव, आपका नाम हमने भोपाल में लिख दिया था. कल ही काट देते हैं. ऐसा घर, ऐसे साले साहब छोड़कर कोई जाता है?"

गाडी गेली. पाठोपाठ निरंजनही खुशीत गेला. अनंतराव पायरीवर मटकन बसले. मग त्यांना एक शंका आली.

"तुले कसं माहीत, ते फुटनार नाही म्हणून?"

"पडलं तेव्हाच मांगच्या दारानं जाऊन बादलीभर पानी ओतलं ना मी त्याच्यावर."

"मंग तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर साहेब पाच मिनिटांत निघून गेले असते घरी," शारदाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "अन् तुम्ही भोपाळले."