राणीचं पोर

निपाणीत नाटक कंपनीचा तंबू लागला, तेव्हा मी एकट्यानंच जायचं ठरवलं. खरं म्हणजे माझ्या बायकोनं, ब्राह्मीनं ठरवलं. विहिरीपाशी घसरून तिचा पाय मोडला होता.

"राणीचं पोर हरवतंय म्हणं. सापडतंय का न्हाय, तेवढं नीट बघून या," ती म्हणाली.

आदल्या वर्षी आमचा मुलगा तापानं गेला होता. तेव्हापासून ती जेवायची, पण ताटाकडे न बघता.

मी तंबाखूच्या वखारीतला कारकून. पण गाण्यातला दर्दी. (असं मला वाटतं. वखारीत कोणालाच वाटत नाही.) राणीचं काम करणाऱ्या नटाचा गळा असा, की पहिल्याच पदाला मी डोळे मिटले. 'वन्समोअर' ओरडण्यापुरते उघडायचे, पुन्हा मिटायचे. शेवटी पडदा पडला तेव्हा आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. गाण्यामुळे की गोष्टीमुळे, हे विचारायचं सुचलं नाही.

सकाळी ब्राह्मी उठून बसलीच होती.

"काय झालं?"

"काय सांगू! भैरवीतली ती एक जागा..."

"पोर त्या जागी हुतं व्हय?"

"भैरवीत? नाही."

"मग कुठं हुतं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला 'माहीत नाही' म्हणवेना.

"कुंभाराच्या घरी," मी म्हणालो.

एकदा कुंभार आल्यावर माघार कुठली! कुंभारणीनं पोर वाढवलं, राणीनं ते कानामागच्या तिळावरून ओळखलं, उराशी धरलं. ब्राह्मी पुष्कळ रडली. मग तिनं भाकरी मागितली. थोड्या वेळानं आणखी अर्धी.

दुपारी शेजारच्या गुणाबाई आल्या. त्यांनीही तोच खेळ बघितला होता.

"कसला कुंभार, अण्णा? पोर पयल्याच अंकात नदीत गेलं की! शेवटी राणीबी गेली."

मी खांबाकडे बघत राहिलो.

"तुमच्या नाटकात गेलं असंल," ब्राह्मी शांतपणे म्हणाली. "आमच्यात आलं परत."

गुणाबाई उंबऱ्यावर बसल्या, पदर डोळ्यांना लावला. "मग मलाबी तसंच सांगा, अण्णा. त्ये पोर डोळ्यांम्होरनं हलंना झालंय."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या सोप्यात जमल्या. ब्राह्मी भिंतीला टेकून, मी मधोमध. आत गोठ्यात पलीकडच्या घरातल्या रुक्माबाई आमची म्हैस पिळत होत्या. ब्राह्मी पडल्यापासून ते काम त्यांनीच घेतलं होतं. मी सांगत गेलो, बायका पुढे सरकत गेल्या. राणी कुंभाराच्या दारात आली. कोणी श्वास घेईना. नुसती गोष्ट सांगून एवढं होतंय, तर गाणं घातल्यावर काय होईल, असं मला वाटलं. मी कानावर हात ठेवला आणि भैरवी लावली. तान घेतली. ती जागाही घेतली. (घेतली असं माझं मत.)

आतून रुक्माबाई ओरडल्या, "अण्णा, पोर लवकर घरी आणा वो! म्हशीनं पान्हा चोरला!"