चिटणीस वगळून

मधुकरराव चिटणिसांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव शोधलं, आणि कॉम्प्युटरनं एका ओळीत सांगून टाकलं की या नावाचं इथे काहीही नाही.

त्यांनी चष्मा पुसला, स्पेलिंग तपासलं, मग नुसतं आडनाव टाकून पाहिलं, नुसती आद्याक्षरं टाकून पाहिली. उत्तर तेच. शेजारच्या टेबलावरच्या अमोलचं नाव टाकलं तर पानंच्या पानं भरली, आणि अमोल म्हणजे ज्याला अजून शर्ट धड खोचता येत नव्हता. मधुकररावांच्या मनाला हे फार लागलं. ते कोठीवरच्या, म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या, एका सरकारी दफ्तरातून अधीक्षक म्हणून रिटायर झालेले. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारांचे कागद लिहायला माळव्यात आले आणि उज्जैनचेच होऊन बसले. ज्या घराण्याच्या शेऱ्याशिवाय दरबारात कागद हलत नसे, त्याचं नाव या डब्याला ठाऊक नव्हतं. आणि डब्याला शहाणं केलं होतं कुणी, तर घरच्याच सुनेनं.

सून म्हणजे मृणाल. फ्रीगंजात एका साड्यांच्या दुकानावर जयंत मुळ्याची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथे ती इंजिनियर होती. सन दोन हजार एकचा ऑक्टोबर. देशाची दारं उघडून दहा वर्षं झाली होती आणि उज्जैनच्या पोरांनाही पुण्याला न जाता कॉम्प्युटरवर पोट भरता येईल, असा जयंतचा हट्ट होता. रिटायर झाल्यावर मधुकररावांनी घरातल्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पत्नी उषाताई सुनेला म्हणाल्या होत्या, "बाई ग, यांना तुझ्याबरोबर घेऊन जा. नाहीतर मी माहेरी जाते." जयंतला लाइटबिल, परवाने, टपाल सांभाळायला कुणी वडीलधारं माणूस हवंच होतं. तेव्हापासून मधुकरराव रोज सुनेच्या स्कूटीवर मागे बसून, माधव नगरातल्या ओळखीच्या प्रत्येक फाटकाला नमस्कार करत ऑफिसला जात. सुनेच्या मागे बसायला त्यांना लाज वाटत नसे. उलट कुणी पाहिलं नाही तर त्यांना चुकल्यासारखं होई.

कंपनीचं मोठं गिऱ्हाईक एकच, पोरवालजी. त्यांचे सोयाबीन तेलाचे पाच कारखाने होते आणि तिथल्या तोलकाट्यांचं, बिलांचं सॉफ्टवेअर जयंतचं होतं. कारखान्यातल्या ऑपरेटरनं तक्रार टाकली की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिची नोंद होई. तिला सगळे तिकीट म्हणत. तिकिटाखाली ऑफिसातलं कुणीही आपलं म्हणणं लिहू शके, आणि लिहिलं की तक्रार करणाऱ्याला आपोआप ई-मेल जाई. पण दोन वर्षांत तिकिटांचा असा ढीग झाला होता की पोरवालजी फोनवर ओरडत, "हमारी शिकायत किसके पास अटकी है, यही पता नहीं चलता!"

त्यावर मृणालनं ही सर्चची सोय तयार केली होती. कुणी कोणत्या तिकिटावर काय केलं, खाली कुणी काय लिहिलं, शेवटचा हात कुणाचा, काहीही विचारा. गुरुवारी पोरवालजी जातीनं बघायला येणार होते. पसंत पडलं तर पाचही कारखान्यांचं काम पुढे चालू राहणार आणि मृणाल त्या कामाची प्रमुख होणार. नाही पडलं तर जयंत ऑफिसला कुलूप लावणार, हे त्यानं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं. मधुकररावांनी यातलं फक्त पहिलं अर्धं माधव नगरात सांगितलं होतं.

"मृणाल, तुझ्या मशीनला मी माहीतच नाही का ग?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही कोणत्या तिकिटावर काही केलंय का? ज्यानं काम केलं, नाहीतर खाली कमेंट लिहिली, तोच सर्चमध्ये येतो न."

"कमेंट म्हणजे आपला शेराच ना?"

"हो हो, शेराच." मृणालचे डोळे स्क्रीनवरून हलले नाहीत. "बाबा, मी जरा बिझी आहे. पोरवालजींच्या डेमोची तयारी करून राहिले मी."

शेरा! हे आधी सांगायचं नाही का? मधुकररावांनी बाह्या सारल्या.

सरकारी माणसाला तीन शेऱ्यांत जग चालवता येतं. कागद नुसता पुढे सारायचा असेल तर 'देखा'. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा असेल तर 'उचित कार्यवाही हेतु'. आणि कागदात काय आहे तेच कळलं नसेल तर 'चर्चा करें'. मधुकररावांनी सगळ्यात जुन्या तिकिटापासून सुरुवात केली. एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहीत, खाली एम.जी.सी. अशी सही ठोकत ते पुढे सरकू लागले. 'देखा. एम.जी.सी.' पुढचं. 'देखा. एम.जी.सी.' मधूनच कॉम्प्युटरच्या भाषेतलं काही दुर्बोध आलं की 'चर्चा करें'. मंगळवारी त्यांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. बुधवारी संध्याकाळी सगळा ढीग संपला. मग त्यांनी श्वास रोखून आपलं नाव शोधलं.

पानंच्या पानं. अमोल तर कुठल्या कुठे राहिला. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "उषा, आलं! नाव आलं! अगं, थांबतच नाहीये!"

"बरं झालं. येताना कोथिंबीर आणा," उषाताई म्हणाल्या.

पण त्या दोन दिवसांत दुसरीकडे वेगळंच सुरू झालं होतं. ज्या तिकिटाला शेवटचा हात लागला ते यादीत सगळ्यात वर येई, अशी मुळातली सोय होती. मधुकररावांचा हात लागल्यावर दोन वर्षांपूर्वी मिटलेल्या तक्रारी भराभर वर आल्या आणि ताज्या तक्रारी तळाला गेल्या. अमोल बिचारा वरून सुरू करणारा मुलगा. त्यानं मक्सीच्या कारखान्याला फोन लावून विचारलं, "भैया, आपका प्रिंटर अब कैसा है?"

"कौन सा प्रिंटर? वो तो कबाड़ी ले गया, दो साल हुए."

असे आठ-दहा फोन झाल्यावर गुरुवारी सकाळी अमोल मृणालकडे आला. "ताई, हे एमजीसी कोण आहे? सगळ्या तिकिटांवर याची कमेंट आहे. व्हायरस तर नाही न?"

मृणालनं स्क्रीन पाहिली आणि कपाळावर हात मारला. पोरवालजी यायला तासभर होता. शेरे पुसून टाकावेत तर तेही शक्य नव्हतं. उद्या कुणी लिहिलेलं नाकारू नये म्हणून एकदा लिहिलेलं पुसताच येणार नाही, अशी सोय तिनंच मोठ्या हौसेनं केली होती. आणि बाबांना बोलावं, तर ते समोर नव्या सदऱ्यात, इस्त्रीच्या घडीसकट, कौतुकानं तिच्याकडेच बघत बसले होते.

इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि पाच माणसं आत आली. प्रत्येकाच्या हातात ई-मेलचे छापील कागद. पुढचा होता मक्सीचा ऑपरेटर बद्रीलाल. "राम-राम. बड़े साब ने चर्चा के लिए बुलाया है."

"कौन से बड़े साब?" जयंत केबिनमधून बाहेर आला.

बद्रीलालनं कागद पुढे केला. 'चर्चा करें. एम.जी.सी.' बाकीच्या चौघांनीही आपापले कागद पुढे केले. मधुकरराव उठून उभे राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. सगळ्या नोकरीत त्यांनी ढिगानं 'चर्चा करें' लिहिलं, पण दुसऱ्या दिवशी चर्चेला आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "जयंत, प्रायव्हेट सेक्टरची हीच तर बात आहे," ते हळूच म्हणाले. "बसा, बसा सगळे. चहा सांगतो."

चहा आला आणि त्याच्यामागोमाग पोरवालजी आले. दारातच त्यांना आपली पाच माणसं बशीत चहा ओतताना दिसली.

"तुम सब यहाँ? सीज़न में? काँटे पे कौन बैठा है?"

पाचही कारखान्यांच्या फाटकांबाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असणार, हे सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आलं. पोरवालजींनी मोबाईल काढून आपल्या मुलांना आणि पुतण्यांना काट्यांवर पिटाळलं, आणि लाल चेहऱ्यानं खुर्ची ओढली. "पहले ये दिखाओ. इनसे बाद में बात करूँगा."

मृणालनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "विचारा सर, काहीही... मतलब, कुछ भी पूछिए."

"मेरी ऐसी कितनी शिकायतें हैं, जिनको आपके यहाँ किसी ने हाथ तक नहीं लगाया?"

नेमका हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. याच प्रश्नासाठी तिनं तीन महिने घातले होते. तिनं बटण दाबलं आणि उत्तर आलं, एकही नाही.

"एक भी नहीं?" पोरवालजींच्या भुवया वर गेल्या.

बद्रीलाल खोकला. "सेठजी, हमारे काँटे की पर्ची राखी से गलत निकल रही है. किसी का फोन नहीं आया."

"तो फिर इसमें क्यों नहीं आ रही?"

मृणालनं ते तिकीट उघडलं. खाली एकच ओळ होती.

"देखा, एमजीसी," पोरवालजींनी वाचलं. "ये एमजीसी कौन है?"

"मैं." मधुकरराव ताठ उभे राहिले.

"आपने देखा?"

"जी, देखा."

"फिर?"

"फिर लिख दिया कि देखा."

जयंतनं डोळे मिटून घेतले. पोरवालजी खुर्चीतून अर्धे उठले. "मतलब आपका ये सर्च किसी काम का नहीं. जिसने काम किया वो भी दिखता है, जिसने सिर्फ देखा वो भी."

"एक मिनट, सर," मृणाल म्हणाली. तिच्या स्क्रीनवर आणखी एक रकाना होता. कॉम्प्युटर आपण होऊन जे निरोप टाकतो ते गाळण्यासाठी तिनं तो केला होता. त्यात नाव घातलं की तेवढ्याचं लिखाण सोडून बाकीचं दिसे. तिनं कर्सर तिथे नेला आणि तिचं बोट थांबलं. चिटणिसांच्या घरात आल्यापासून तिनं सासऱ्यांचं नाव तोंडानंसुद्धा घेतलं नव्हतं. आता ते चारचौघांत लिहायचं, आणि वर 'हे सोडून' म्हणायचं? तेही ते मागे नव्या सदऱ्यात उभे असताना?

मधुकररावांनी स्क्रीनकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांची टिपणं वाचलेला माणूस तो. रकाना कशाचा आहे हे त्यांना क्षणात कळलं, आणि आपण दोन दिवस काय करून ठेवलं हेही कळलं. त्यांना लाज वाटली. पण सुनेचं ते थांबलेलं बोट दिसलं आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं. एवढी हुशार पोर, सगळं पणाला लागलेलं असताना म्हाताऱ्याचा मान सांभाळत बसली होती.

"मृणाल, मला वगळ," ते म्हणाले.

"बाबा..."

"अगं वगळ, बेधडक वगळ. कोठीवरसुद्धा मी रजेवर गेलो की कामं भराभर व्हायची."

तिनं नाव लिहिलं, बटण दाबलं. आणि पानभर यादी स्क्रीनवर आली. कारखाना कोणता, तक्रार कुणाची, केव्हापासून पडून आहे, सगळं स्वच्छ. सगळ्यात वर मक्सीचा काटा.

"ये रही हमारी!" बद्रीलाल उभाच राहिला. बाकीचे चौघेही स्क्रीनला चिकटले. ज्यांच्या तक्रारी तेच समोर बसले असल्यामुळे अमोलला कुणाला फोन लावावा लागला नाही. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त तक्रारी तिथल्या तिथे निकालात निघाल्या. पोरवालजी जेवायलासुद्धा गेले नाहीत. प्रत्येक तक्रार यादीतून गळाली की ते मान हलवत. शेवटी ते म्हणाले, "बेटी, यही चाहिए था. अब ये सारा काम तुम ही सँभालना. कागज बना लो, मुळेजी."

मधुकररावांनी खोलीभर सगळ्यांकडे पाहिलं. ही आमची सून, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते दोनदा सांगितलं.

"पर एक बात है," पोरवालजी दारात थांबून म्हणाले. "साहब तो आगे भी देखेंगे ही. मेरे आदमी हर बार इनका नाम टाइप नहीं करेंगे. पक्का बटन लगा दो."

पोरवालजी गेल्यावर मृणाल अडखळत म्हणाली, "बाबा, बटणावर मी असं लिहिते, की 'इतर शेरे सोडून'. चालेल न?"

"इतर?" मधुकरराव दुखावले. "इतर कोण? नाव लिही. पूर्ण लिही. मधुकर गोपाळकृष्ण चिटणीस."

आठवड्याभरात ते बटण पाचही कारखान्यांत पोचलं. स्क्रीनच्या अगदी वर, ठळक अक्षरांत. संध्याकाळी फ्रीगंजच्या टॉवरजवळ मधुकररावांना त्यांचे जुने सहकारी श्रीधरपंत भेटले. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता आणि ते त्याच्याबद्दल बोलायच्या तयारीतच होते. पण मधुकररावांनी त्यांना संधी दिली नाही.

"आमच्या सुनेनं कॉम्प्युटरवर माझ्या नावाचं बटण केलंय, श्रीधरपंत. पाच कारखान्यांत आहे."

"नावाचं बटण?" श्रीधरपंत थक्क झाले. "अन् ते कशासाठी?"

मधुकररावांनी कोथिंबिरीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आता कसं सांगू तुम्हाला," ते म्हणाले. "ते दाबल्याशिवाय तिथे कामच सुरू होत नाही."