उत्तर उताराची द्राक्षं

पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या आणि वर चीज वितळवलेल्या चिकनसोबत लाल वाइन घ्यावी, आणि ती उत्तर उतारावरच्या द्राक्षांचीच असावी, हे सुशिक्षित माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. दुर्दैवानं जयपूरच्या सी-स्कीममधल्या एका विमा कंपनीच्या विभागीय कार्यालयात हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून तिथे समिती नेमावी लागली.

झालं असं की मुंबईच्या मुख्यालयातले महाव्यवस्थापक कौशिक साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्या स्वीय सहायकाचा ईमेल आला, की बनी पार्कच्या गेस्टहाउसमध्ये पहिल्या संध्याकाळी 'चीजवालं चिकन आणि अनुरूप वाइन' असावी. चिकनची काळजी नव्हती, ते गेस्टहाउसचा स्वयंपाकी चंदन करणार होता. 'अनुरूप' या शब्दानं मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अनुरूप आहे असं प्रमाणित कोण करणार?

समितीच्या अध्यक्षपदी प्रशासकीय अधिकारी श्रीपाद पंडित यांची नेमणूक झाली. पंडितांनी जन्मात वाइनचा थेंब चाखला नव्हता आणि अंडंही खाल्लं नव्हतं. पण त्यांच्या सेवापुस्तकात 'मूळ गाव' या रकान्यात तासगाव लिहिलेलं होतं, आणि तासगावात द्राक्षं पिकतात. कार्यालयात माणूस तज्ज्ञ ठरायला एवढा पुरावा पुष्कळ होतो.

पंडितांनी नकार दिला नाही, कारण त्यांच्या खणात सांगलीला बदली मागणारा अर्ज पडून होता. जयपुरात नऊ वर्षं झाली होती. लेक तनया पुढच्या वर्षी दहावीत जाणार होती, म्हणजे आत्ता हललं नाही तर हलणं लांबलंच. आणि अर्जावर सही लागत होती कौशिक साहेबांची.

"साहेब खूश झाले तर एका सहीचं काम आहे," ते घरी म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला वाइनमधलं कळतं काय?" चारुलतानं विचारलं.

"कळायचं कुठंय? निवडायची आहे फक्त."

"बाबा, मतलब आपण पक्कं जाणार?" तनयानं विचारलं. तिला मराठी वाचताना अजून बोट लावावं लागायचं. पंडितांनी होकारार्थी मान हलवली, आणि चारुलतानं त्याच दिवशी माळ्यावरचे रिकामे खोके खाली काढले.

समितीत दक्षता विभागाचे पृथ्वीराज सिंह होते आणि राजभाषा अधिकारी सुलोचना शर्मा होत्या. पहिल्याच बैठकीत पृथ्वीराजजींनी नियम दाखवला, की कार्यालयीन वेळेत मद्य चाखणं हे गैरवर्तन आहे. वेळेनंतर चाखलं तर ते कार्यालयीन काम नव्हे, आणि मग अहवालात घेता येत नाही.

"मतलब, चखे बिना चुनना है," सुलोचनाजी म्हणाल्या आणि तसं इतिवृत्तात लिहून टाकलं.

कँटीन शाकाहारी असल्यामुळे चिकनही आत येऊ शकत नव्हतं. तेव्हा चिकनच्या जागी पनीर ठरलं, लाल वाइनच्या जागी चारुलतानं केलेलं कोकम सरबत आणि पांढरीच्या जागी लिंबाचं. चाचणीआधी पृथ्वीराजजींनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं, की त्यांनी आयुष्यात मद्य घेतलेलं नाही, सबब ते निःपक्षपाती आहेत. त्यांच्या संध्याकाळी कशा जातात हे ते राहत त्या अख्ख्या राजा पार्क वस्तीला माहीत होतं, पण राजा पार्क समितीत नव्हतं. कोकमाला सात गुण पडले, लिंबाला साडेसहा.

पनीरचे तुकडे घेऊन चंदन आला होता. तो आधी एका मोठ्या हॉटेलात अकरा वर्षं होता. गुणपत्रिका बघून त्याला राहवलं नाही.

"साब, नीचे तला हुआ, ऊपर चीज. कोई भी खट्टी-सी लाल ले लो, भारीपन काट देगी. इतनी-सी बात है."

चंदन कंत्राटी होता आणि कंत्राटी माणसाच्या मताला तक्त्यात रकाना नव्हता. इतिवृत्तात नोंद झाली, की पनीर वेळेवर मिळालं.

आता अहवालाला फक्त सैद्धांतिक आधार हवा होता. पावणेपाच झाले होते, कार्यालय पाचला सुटायचं. पंडितांना तासगावचा मामाचा मळा आठवला. तिथे उत्तरेच्या उतारावरची द्राक्षं आंबट निघायची, कोणी घ्यायचं नाही, मग मामा त्यांचे बेदाणे करायचा. पंडितांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'तळलेल्या आवरणावरील चीजला उत्तर उतारावरील द्राक्षांची लाल वाइन अनुरूप असते, हे सर्वश्रुत आहे.'

सुलोचनाजींनी त्याचं हिंदी केलं. हिंदीत ते आणखीच खरं वाटायला लागलं.

"ये कहाँ लिखा है?" पृथ्वीराजजींनी विचारलं.

"सर्वश्रुत है," पंडित म्हणाले. ज्यानं ऐकलेलं नाही असा एकटा माणूस व्हायची पृथ्वीराजजींची तयारी नव्हती. त्यांनी सही केली.

दारूच्या दुकानात जाताना दिसायला कोणीच तयार नसल्यामुळे, आठला दुकान बंद व्हायच्या आत बाटली आणायला चंदनलाच पाठवलं. दुकानदाराकडे उतारांची माहिती नव्हती. चंदननं आपल्या मनातली आंबटसर लाल उचलली.

गेस्टहाउसमध्ये जेवायला कौशिक साहेब आणि पंडित समोरासमोर बसले. साहेबांपुढे चिकन, पंडितांपुढे पनीर आणि दोघांपुढे ग्लास. साहेबांनी ग्लास गोल फिरवला. पंडितांनीही फिरवला. पंडितांनी घाबरून ग्लास नाकाशी नेला, तर साहेबांनीही नेला. तेव्हा पंडितांच्या ध्यानात आलं, की साहेब डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडेच बघतायत. दोघंही दुसऱ्यानं आधी प्यावं म्हणून थांबले होते.

शेवटी पंडितांनी सांगलीचं स्मरण करून घोट घेतला. तो आंबट होता, अगदी मामाच्या उताराइतका. त्यांना मळा आठवला, मामा आठवला, वाया गेलेली नऊ वर्षं आठवली आणि डोळे भरून आले.

"उत्तर उतार," ते कसेबसे म्हणाले.

"अर्थातच," साहेब म्हणाले. तीस वर्षं मुंबईत काढून ते मराठी शिकले होते आणि मराठी माणूस भेटला की बोलून दाखवत. "मी वासावरूनच ओळखलं."

हीच वेळ म्हणून पंडितांनी अर्ज पुढे केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"पंडित, सांगलीत विमा कोणीही विकेल. पण वाइन पिऊन डोळ्यांत पाणी येईल इतकी समज असलेला माणूस कंपनीत एकच आहे." त्यांनी अर्जावर लिहिलं, 'विषयतज्ज्ञ. पाच वर्षे हलवू नये.' खाली सही केली. एका सहीचंच काम होतं.

चारुलतानं खोके परत माळ्यावर चढवले. पंडितांनी खालून शिडी धरली.

"बाबा, उत्तर उतार चांगला का असतो?" तनयानं विचारलं.

"माहीत नाही गं," पंडित म्हणाले. इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच होती.

पुढे ते वाक्य परिपत्रक होऊन देशभरच्या कार्यालयांत गेलं. अधिकारी आता ते लग्नांत सांगतात, त्यांचे पाहुणे आपापल्या घरी सांगतात. पंडित महिन्यातून एकदा प्रशिक्षण देतात. सांगलीची जागा मोकळी होती, तिथे पृथ्वीराज सिंहांना पाठवण्यात आलं.

त्यामुळे समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. या गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात मी तुम्हाला उत्तर उताराचा नियम सांगितला होता. तेव्हा तुम्ही 'का' असं विचारलं नाहीत, पुढचं वाक्य वाचलंत. अर्ज करायची गरज नाही, तुमची निवड झालेली आहे.