साळूबाईचं भरघोस पीक

एका जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण शेती करायची. साळिंदरीण शेती कशी करते, असं मधेच विचारू नका. गोष्ट मी सांगतोय ना? मग गप्प बसा बघू.

तर साळूबाईला तीन पिल्लं. चौघांच्या पोटाला एवढंसं शेत. तिने ते नांगरून, ढेकळं फोडून भुईमुगासाठी तयार ठेवलं होतं. एक दिवस सकाळी बघते तर काय, शेतात कचऱ्याचा हा मोठा ढीग! पिशव्या, बाटल्या, फुटकी कमोडंसुद्धा! शेजारी गाडी घेऊन तरस उभा. राजवाड्याचा कचरा जंगलाबाहेर नेऊन टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

"अहो, हे माझं शेत आहे!" साळूबाई ओरडली.

"मोकळं दिसलं, म्हणून टाकला," तरस म्हणाला.

"मोकळं कुठलं? नांगरून ठेवलंय!"

"त्यानेच गाडी रुतते हो. जरा सपाट करून ठेवत चला."

आणि गेलासुद्धा! रोज यायला लागला मेला. मला तर अस्सा संताप येतो ना!

साळूबाईने तलाठ्याकडे तक्रार केली. तलाठी होता करकोचा. तो महिनाभराने उगवला. तोवर कचरा शेतभर पसरला होता.

"भाऊसाहेब, पंचनामा करा," साळूबाई म्हणाली.

"आज फक्त पीकपाहणी. त्यातच घेतो उरकून." करकोच्याने वही उघडली. "पीक कोणतं?"

"अहो, या कचऱ्यामुळे पीक घेताच येईना!"

"रकाना रिकामा चालत नाही, बाई." त्याने पिकाच्या रकान्यात लिहिलं, 'कचरा'.

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. "मग मीच हे सगळं उचलून फेकते!"

"उभं पीक मोडणार? परवानगी लागेल."

वही दरबारात गेली. एवढं भरघोस पीक अख्ख्या जंगलात कुणाचंच नव्हतं. झालं! सिंहमहाराज स्वतः सत्काराला आले. शेतातच मांडव पडला. शाल झाली, नारळ झाला.

"महाराज, शाल नको मला," साळूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "शेत मोकळं करून द्या. चार दिवसांत पेरणी झाली नाही तर माझी पिल्लं उपाशी मरतील हो!"

"काय हा साधेपणा!" महाराज गहिवरले. टाळ्या थांबेचनात.

मग पाचशे प्राणी तिथेच जेवले आणि ढेकर देत निघून गेले. मागे पत्रावळी, पेले, हार, पाण्याच्या बाटल्या. तिन्ही पिल्लं त्यात काही खायला मिळतंय का ते उकरत बसली.

करकोचा अर्ध्या वाटेतून परत आला. शेताकडे बघून त्याने घाईघाईने वही उघडली.

"अभिनंदन, साळूबाई! दुबार पीक!"

तात्पर्य: मुलांनो, आपल्या शेतात कुणी कचरा टाकला तर नाक दाबून गप्प बसावं. तक्रार केली की सरकार दखल घेतं, आणि तेवढी दखल ठेवायला आपल्याकडे जागा नसते.