साळवेकाकांच्या दोन पेन्सिली

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत पाणी बंद असल्याची नोटीस लागली की लोक बादल्या भरतात. साळवेकाका आधी खिशातून लाल पेन्सिल काढतात.

"पहिली ओळ सेक्रेटरीची नाही," ते म्हणतात. "त्याला 'कृपया' सुचत नाही. ही त्याच्या बायकोनं वरून जोडलीय." मग निळी पेन्सिल काढून खाली लिहितात, "मला सांगणं : बादल्या भर."

हे खूळ बायबलच्या अभ्यासातून आलं. काका नगरकडचे ख्रिस्ती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालाची चलनं तपासण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बायबलही तसंच तपासायला घेतलं. आजचे अभ्यासक विचारतात ते लाल पेन्सिलीनं : कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी? आरंभीच्या शतकांतले ख्रिस्ती आचार्य विचारत ते निळीनं : यात मला काय सांगितलंय?

"नुसती लाल वापरली तर माणूस फौजदार होतो, नुसती निळी वापरली तर भोळसट. दोन्ही पायजेत."

चर्चमध्ये लाल पेन्सिल खिशातच ठेवा, असं पाळकांनी त्यांना प्रेमानं सांगून ठेवलंय.

त्यांनी मलाही तपासलं होतं. "सावंत, अर्ज असो की वाढदिवसाचा मेसेज, तुमची सुरुवात 'वास्तविक'नंच. दोन हजार वर्षांनीसुद्धा पकडले जाल."

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. दर रविवारी संध्याकाळी चार-पाच जण त्यांच्याकडे अभ्यासाला यायचे. बायबलात जगाच्या उत्पत्तीच्या दोन हकिगती आहेत, त्या एकाच्या की दोघांच्या, यावर जोरात वाद चालायचा. काका शनिवारीच कप विसळून पालथे घालायचे.

त्या मंडळींच्या चपला आमच्या दारापर्यंत यायच्या. माझ्या मुलीची बारावी होती. समोरची बेल वाजवून सांगायला दोन पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत. सोसायटीला निनावी अर्ज टाईप करून दिला. सेक्रेटरीनं तो काकांच्या हातात ठेवला आणि काकांनी वर्ग बंद केला.

तीन रविवार शांत गेले. मुलीचा अभ्यास होता तेवढाच राहिला. मला मात्र समोरच्या बंद दाराकडे बघवेना. चौथ्या रविवारी कबूल करायचं ठरवून मी त्यांच्याकडे गेलो.

टेबलावर माझा अर्ज होता. पहिलाच शब्द 'वास्तविक'. खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "मला सांगणं : शेजारी पोरगी अभ्यास करते. आवाज कमी. चपला आत." लाल खूण एकही नव्हती.

"काका, हा अर्ज..."

"लाल पेन्सिलीचं टोक मोडलंय," ते म्हणाले.

पेन्सिल तिथेच होती, पालथ्या घातलेल्या पाच कपांशेजारी. टोक सुईसारखं.

"बसा. वर्ग पुन्हा सुरू करतोय, बाकीच्यांना अजून कळवलं नाही. आज आपण दोघंच वाचू." त्यांनी एक कप सुलटा केला. "तेवढ्या चपला आत घ्या."

मी बाहेर जाऊन माझ्या चपला आत आणल्या.