गरज बघू नको, गडी बघ

माझ्या लग्नात माझा मेहुणा आमच्या त्रिंबक सरांच्या पाया पडायला वाकला, तर सरांनी आशीर्वाद द्यायच्या आधी स्वतःच खाली बसून त्याची पोटरी दाबून पाहिली. आंबा पिकला का बघतात तशी, अंगठ्यानं, दोन ठिकाणी. मग विचारलं, "डावा हाय का बे उजवा?" मेहुणा तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याला वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असेल. तो म्हणाला, "उजवा." सरांनी मान हलवली, त्याला सोडून दिलं आणि जेवायला गेले.

सासऱ्यांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, की हे गृहस्थ वैद्य आहेत का. मी हो म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर पंगत उठली असती.

खरं असं, की त्रिंबक सर आमच्या गावच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते, आणि निवृत्तीनंतरही गावाचा फुटबॉल संघ तेच चालवतात. केज तालुक्यात कबड्डी सोडून फुटबॉल कुठून आला, असं कुणी विचारेल. शाळेनं व्हॉलीबॉल मागवले होते, आले फुटबॉल. परत पाठवायला तीन साहेबांच्या सह्या लागत होत्या. दोन मिळाल्या, तिसरे साहेब लांब रजेवर होते. ते परत येईपर्यंत आमच्या वर्गाला ऑफसाइड कळलं होतं. पुढं आजूबाजूच्या गावांनी आमच्यावर जळून संघ काढले आणि आता तालुक्यात आठ संघ आहेत. आम्ही सुरुवात केली म्हणून आम्ही पुढं असू, असं मात्र कुणी समजू नये.

सरांचा रोजचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी सहाला मैदानात सराव. "सहा म्हंजे सहा" हे त्यांचं वाक्य, आणि सहा वाजून एक मिनिटानं येणाऱ्याला मैदानाला पाच चकरा. नंतर सर केजला जातात आणि एसटी स्टँडवर बसतात. कुठं जायचं नसतं. बसमधून उतरताना डावा पाय आधी टाकणारा कोण, हे बघायचं असतं, कारण डाव्या पायाचा खेळाडू सहसा मिळत नाही. असा माणूस दिसला की सर त्याच्या मागं जातात आणि गाव विचारतात. एकदा एका तलाठ्याच्या मागं ते तहसीलपर्यंत गेलते. तलाठी घाबरून मागच्या दारानं निघून गेला.

या सगळ्याची नोंद एका जाडजूड वहीत असते. ती वही कुणाला दाखवत नाहीत, पण माझं हार्डवेअरचं दुकान पारासमोरच आहे, सर संध्याकाळी तिथंच बसतात आणि चहाला उठले की वही माझ्या काउंटरवर राहते. त्यामुळे मला ती बऱ्यापैकी पाठ आहे. "नाना : पाय चांगला. सासरवाडी जवळ. सणासुदीला भरवसा धरू नये." "गणेश : जोरात पळतो. कुठं पळायचं ते सांगावं लागतं." "दोघे भाऊ : एकालाच घ्यावे. दोघे घेतल्यास चेंडू घरातच राहतो." माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "शिवलिंग, गोलकीपर. उंच आहे. बाकी परमेश्वर." मी दोन दिवस सरांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

सरांच्या शास्त्राचं मुख्य सूत्र एकच : "गरज बघू नको, गडी बघ." म्हणजे असं, की संघात बचाव करणारा हवाय म्हणून समोर दिसेल तो बचाव करणारा उचलायचा नाही. त्या वेळी यादीत सगळ्यात चांगला जो असेल तोच घ्यायचा, मग तो पुढं खेळणारा का असेना. "जागा रिकामी हाय म्हणून कुणालाबी बसवलं," सर म्हणायचे, "की जागा तर भरती, पर संघ रिकामा होतो."

हे ते फक्त खेळात पाळत असते तर ठीक होतं. बाजाराच्या दिवशी सर वांगी आणायला जातात आणि भोपळा घेऊन येतात, कारण त्या दिवशी भोपळा जास्त चांगला असतो. सरांच्या मंडळी, आमच्या काकू, होत्या तोवर त्या शेजारी वाटून टाकायच्या. काकू जाऊन चार वर्षं झाली. आता सर एकटेच आहेत आणि एक भोपळा चार दिवस खातात. मी एकदा म्हणालो, "सर, छोटा घेत जा." तर म्हणाले, "छोटा चांगला नव्हता."

दुसरं सूत्र बाहेरच्या खेळाडूंबद्दलचं. मधल्या काळात तालुक्यात सगळ्यांना बाहेरून खेळाडू आणायचं वेड लागलं होतं. आमचे सरपंच आबा त्यात सगळ्यात पुढं. "सर, पुण्याहून दोन पोरं आणू. ऱ्हायची सोय माझ्याकडं."

सर म्हणाले, "आबा, बाहेरचा आणायचाच तर जुना, मुरलेला आणा, भोक बुजवण्यापुरता. म्हाताऱ्या बैलाला नांगराचं तास सांगावं लागत न्हाई. पर त्याला आणायच्या आधी एक बघा."

"काय?"

"घरचा कोण उठतो ते."

आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि विषय सोडून दिला. गावात सगळ्यांना माहीत होतं, की घरचा कोण उठला होता.

सतीश, सरांचा एकुलता एक मुलगा. माझ्याच वर्गातला. बरा खेळायचा, फार नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही एकदाच, चुकून, तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. सरांनी त्या सामन्यासाठी बीडहून एक पाहुणा खेळाडू आणला होता. सतीशचं लग्न होऊन महिना झाला होता, आणि सासरची दहा माणसं जीप करून जावयाचा खेळ बघायला आली होती. वीस मिनिटं झाली आणि सरांनी सतीशला बाहेर बोलावून पाहुण्याला आत घातलं. सतीशनं अंगातला सदरा काढला, घडी करून रेघेवर ठेवला आणि बनियनवर जाऊन सासरच्या जीपमध्ये बसला. आम्ही दोन गोलांनी हरलो. पाहुणा आमचा सदरा अंगात घालूनच एसटीनं निघून गेला.

त्या महिन्यात सतीशनं केजला बिऱ्हाड केलं आणि टायरचं दुकान टाकलं. गाव तिथून आठ किलोमीटर. काकूंच्या दिवसांना तो तेरा दिवस घरी राहिला, सगळं नीट केलं, पण बापाशी "हां" आणि "न्हाई" याच्या पलीकडं बोलला नाही. सर रोज केजच्या स्टँडवर बसायचे. टायरचं दुकान स्टँडच्या समोर आहे. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा त्यांच्या वहीवर हसल्याची मला लाज वाटली.

यंदा तालुक्याच्या कमिटीनं नियम बदलला. बाहेरचे खेळाडू बंद. प्रत्येक संघानं आपले सहा जुने गडी ठेवायचे, बाकीचे पाच तालुक्याच्या यादीतून पाळीपाळीनं मागून घ्यायचे. गेल्या साली जो शेवटचा, त्याची पहिली पाळी. मागितलेल्या गड्यानं दोन महिने रोज सकाळी त्या संघाच्या गावात सरावाला जायचं. पहिल्याच दिवशी आला नाही तर नाव बाद, आणि ती जागा तशीच रिकामी. गेल्या साली शेवटी कोण होतं हे मी सांगत नाही. गोलकीपर मी होतो.

पहिली पाळी आमची म्हटल्यावर गावाला ताप चढला. कारण यादीत लखन होता. उमरीकडचा पोरगा, बावीस वर्षांचा, डाव्या पायाचा. सरांनीच त्याला दोन वर्षांपूर्वी बसमधून उतरताना हेरलं होतं. वहीत त्याच्या नावाखाली तीन रेघा होत्या. आबांनी लखनसाठी नवे बूट आधीच आणून ठेवले.

निवड केजच्या मंगल कार्यालयात होती. आठ संघांची आठ टेबलं, प्रत्येकावर पाण्याची बाटली. सर वही उघडून बसले होते. शेजारी आबा, त्यांच्या शेजारी मी. कमिटीच्या अध्यक्षांनी आमच्या गावाचं नाव पुकारलं. सर उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "सतीश त्रिंबक. केज."

अध्यक्षांनी यादी चाळली. नाव शेवटच्या पानावर होतं. दुकानातल्या दोस्तांनी गंमत म्हणून टाकलेलं. वय सदतीस. "सर, हेच नाव लिहायचं का?" त्यांनी विचारलं.

"हेच."

"अवो सर!" आबा उभेच राहिले. "लखन ऱ्हायला की! ह्यो शेवटच्या पाळीला बी कुणी मागितला नसता!"

"आणि मागितला असता तर?" सर म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या टेबलानं लगेच लखनला मागितला आणि टाळ्या वाजल्या. आबा बूट घेऊन निघून गेले. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "सर, तुमीच म्हणता की, गरज बघू नको, गडी बघ?"

सरांनी वही मिटली. "म्हणतो," ते म्हणाले. "या बारीला गरज बघितली."

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही दहा जण मैदानात. सर पाचपासूनच आले होते, असं दूधवाला सांगत होता. सहा वाजले. सरांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. सहा वाजून पाच झाले, दहा झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की देवा, हा सामना तेवढा जिंकून दे. नाना मला म्हणाला, "न्हाई येत बघ." मी त्याला गप्प बस म्हणालो.

तेवढ्यात केजच्या रस्त्यानं मोटारसायकलचा आवाज आला. सतीशनं गाडी बांधाला लावली आणि तो चालत येऊन बापासमोर उभा राहिला. हाफ पँट नवी होती, घडीच्या रेघा तशाच होत्या.

"सहा म्हंजे सहा," सर म्हणाले.

"केजवरनं यावं लागतं."

"मग हितंच ऱ्हा की दोन महिने. सुनेला, लेकरांना बी आण. खोली झाडून ठिवलीय."

सतीश म्हणाला, "मला का म्हणून घेतलं? मी उजवा हाय. गुडघा बी गेलाय."

सर खाली बसले. म्हाताऱ्या माणसाला बसायला लागतो तेवढा वेळ लागला. त्यांनी लेकाची पोटरी अंगठ्यानं दाबून पाहिली, एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी. एवढंच असतं, दोन सेकंदांचं काम. पण त्यांनी हात काढला नाही. दोन्ही हातांनी पोटरी धरून ते तसेच बसून राहिले, मान खाली घालून, आणि त्यांचे खांदे हलत होते. सतीशनं थोडा वेळ वाट पाहिली, मग वाकून त्यांना काखेत धरून उठवलं.

"पाच चकरा का?" त्यानं विचारलं.

सरांनी मान हलवली. सतीश पळायला लागला, गुडघा सांभाळत, आणि सर शिट्टी हातात धरून त्याच्याबरोबर मैदानाच्या कडेकडेनं चालत राहिले. त्या दिवशी सराव साडेसहाला सुरू झाला.