पकडायले काय आहे यात?

'जबाबदारी', 'विश्वास', 'प्रगती' असा एखादा शब्द कानावर पडला, की आमचे शेजारी गफ्फारभाई हातातला पाना खाली ठेवतात आणि शांतपणे विचारतात, "पकडायले काय आहे यात?"

वणीत त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. जे हातात पकडता येत नाही ते डोक्यात टिकत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मी निवृत्त मास्तर, तरी धडा मलाच.

"गुरुजी, तुमच्या सत्काराले आलतो मी. साहेब अर्धा तास बोलले. काय बोलले?"

मी डोकं खाजवलं.

"अन् नारळ?"

नारळ नासका निघाला होता. हे मात्र मला लगेच आठवलं.

कोळशाच्या ट्रकवाल्यांची नावं ते विचारतच नाहीत. 'मागं काळी चप्पल बांधलेला' आठ वर्षांनी आला, तरी त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा कोणता पाटा तुटला होता ते त्यांना तोंडपाठ.

मागच्या महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, रुबीनाचं लग्न होतं. सासर पांढरकवड्याचं. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"पोरीले निरोप देताना बोलाले दोन शब्द लिहून द्या. जनमभर तिच्या ध्यानात राह्यले पाह्यजे."

मी मन लावून लिहिलं. संयम, समाधान, आपुलकी, सगळं घातलं. त्यांनी कागद वाचला, उलटा करूनही पाहिला.

"यात पकडायले काय आहे?"

मी भडकलोच. "मग काय स्टेपनी लिहू?"

"चिडता काहून, गुरुजी?" ते ओट्यावर बसले. "इची माय दवाखान्यात, जायच्या आधी, माह्याशी पाच मिनिटं बोलली. लय चांगलं बोलली. त्यातलं मले एक अक्षर आठवत नाही. हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं तिच्या. तेवढंच आठवते."

मी कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघताना बायका रडत होत्या, मोठी माणसं सबर आणि इज्जत समजावत होती. गफ्फारभाई खिडकीशी वाकले.

"बेटा, घराची किल्ली मागच्या खिडकीत, पिवळ्या डब्याखाली. डबा मी हलवनार नाही."

"पिवळा डबा, अब्बा," रुबीना हुंदका आवरत म्हणाली.

"अजून एकदा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. मग त्यांनी गाडी जाऊ दिली.

आता गफ्फारभाई स्वतः घरात असले, तरी किल्ली डब्याखालीच असते.